पुस्तक कपाटात दिसतंय, मग कॉम्प्युटर नाही का म्हणतो? वाचनालयाचं संगणकीकरण, सोप्या भाषेत

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात एक काकू आल्या, पंचवीस वर्षांच्या सभासद, त्यांना भटकंतीवरचं एक पुस्तक हवं होतं, पूर्ण नाव काही आठवेना पण नावात 'दऱ्याखोऱ्या' हा शब्द आहे एवढं नक्की. मी कॉम्प्युटरवर 'दऱ्याखोऱ्या' टाकलं, एन्टर मारलं, काही नाही. परत टाकलं. नाही. काकू म्हणाल्या, "अगं ते बघ ना, तिसरं कपाट, वरून दुसरा कप्पा, हिरव्या पाठीचं, मला इथून दिसतंय." आणि खरंच होतं तिथे. पुस्तकावरचा बारकोड मारला तर नोंद लगेच उघडली. म्हणजे नोंद होती, फक्त शोधल्यावर मिळत नव्हती.

काकू जाता जाता म्हणाल्या, "आधीचे ग्रंथपाल खुर्चीतून न उठता सांगायचे गं पुस्तक कुठंय ते. मग एवढा खर्च करून हे कशाला आणलंत?"

प्रश्न अगदी रास्त आहे आणि हा एकट्या काकूंचा प्रश्न नाही. 'संगणकीकरणाच्या कामासाठी देवघेव बंद' असा बोर्ड गावोगावच्या वाचनालयांवर लागतो, महिनाभराने उघडतं, काउंटरवर एक स्क्रीन आलेला असतो आणि वाचकाला वाटतं की आधीच बरं होतं. नेमकं काय चाललंय हे कोणी नीट सांगत नाही. म्हणून हे लिहितेय. मी १८ वर्षं हेच काम करतेय, वहीवरही केलंय आणि स्क्रीनवरही.

आधी कॉम्प्युटर बाजूला ठेवा

वाचनालयात मुळात चालतं काय? पुस्तक येतं, त्याची नोंद होते, ते सापडेल अशा जागी ठेवलं जातं, वाचक घेऊन जातो, परत आणतो. एवढंच. यातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे दाखल नोंदवही. मोठी, जाड, कापडी पुठ्ठ्याची. तिच्यात रकाने असतात, दाखल क्रमांक, तारीख, लेखक, नाव, प्रकाशक, आवृत्ती, पानं, किंमत, बिल नंबर, आणि शेवटी शेरा. वाचनालयात आलेल्या प्रत्येक प्रतीला एक नंबर मिळतो आणि तो नंबर परत कधी कोणाला मिळत नाही, पुस्तक हरवलं तरी नाही. शेऱ्यात लाल शाईने 'गहाळ' किंवा 'बाद' लिहायचं, नंबर तिथेच राहतो.

या वहीत एकच मोठी अडचण आहे. ती एकाच क्रमाने लागलेली असते, पुस्तकं ज्या दिवशी आली त्या क्रमाने. तुम्ही विचारलंत की अमुक लेखकाची किती पुस्तकं आहेत, तर वही उत्तर देऊ शकत नाही, सगळी पानं उलटावी लागतील. म्हणून मग कार्डं आली, लेखकाच्या नावाने एक, पुस्तकाच्या नावाने एक, विषयाने एक, म्हणजे एका पुस्तकामागे तीन कार्डं हाताने लिहायची आणि अकारविल्ह्याने ड्रॉवरमध्ये लावायची. आणि जिथे कार्डं झाली नाहीत तिथे ग्रंथपालाचं डोकं हेच कार्डांचं कपाट होतं. काकू ज्यांची आठवण काढत होत्या ते तसेच होते. ते निवृत्त झाले त्या दिवशी वाचनालयाचा निम्मा कॅटलॉग त्यांच्याबरोबर घरी गेला, हे मी स्वतः बघितलंय.

एस. आर. रंगनाथन हे मूळ गणिताचे प्राध्यापक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा असा की वाचकाचा वेळ वाचवा. संगणकीकरण हे या चौथ्या नियमासाठी आहे. कोणत्याही गावात, कोणत्याही सॉफ्टवेअरने केलेलं काम मी याच कसोटीवर तपासते, वाचकाचा वेळ वाचला का?

पुस्तकाचा सातबारा

आता कॉम्प्युटर आणा. कॉम्प्युटरला पुस्तक कळत नाही, त्याला कळतात रकाने. आणि ते रकाने सगळीकडे सारखे हवेत, नाहीतर माझ्या वाचनालयाची माहिती तुमच्या वाचनालयाला वाचता येणार नाही.

सातबारा डोळ्यासमोर आणा. गट नंबर कुठे, भोगवटादार कुठे, क्षेत्र कुठे, पीकपाणी कुठे, हे ठरलेलं असतं. त्यामुळे कोल्हापूरचा उतारा नांदेडच्या तलाठ्याने बघितला तरी त्याला कळतो. पुस्तकाच्या नोंदीचा असाच एक ठरलेला नमुना जगभर वापरतात, त्याला मार्क म्हणतात, सध्याचा प्रकार मार्क २१. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये १९६० च्या दशकात हेन्रिएट अव्रम नावाच्या प्रोग्रामर बाईंनी तो तयार केला. त्यात प्रत्येक रकान्याला तीन आकडी नंबर आहे. १०० म्हणजे लेखक, २४५ म्हणजे पुस्तकाचं नाव, ०२० म्हणजे आयएसबीएन, पुस्तकाच्या मागे छापलेला त्याचा ओळख नंबर. भाषा मराठी असो की जपानी, २४५ मध्ये नावच असणार.

वाचकाला हे नंबर कधी दिसत नाहीत आणि दिसायची गरजही नाही. पण तुमच्या वाचनालयाने जर साध्या एक्सेलमध्ये मनाला येईल तसे रकाने करून यादी केली असेल, कुठे लेखक आणि अनुवादक एकाच खान्यात, कुठे किंमत आणि पानं एकत्र, तर त्या यादीचं पुढे काही होत नाही. ती फक्त टाइप केलेली वही होते.

एक पुस्तक, पाच प्रती

दुसरी गोष्ट, जी सुरुवातीला आम्हालाही नीट कळली नव्हती. एकाच कादंबरीच्या पाच प्रती असतील तर पाच वेळा सगळं टाइप करायचं नसतं. रेशन कार्ड कसं असतं, पत्ता एकदाच, खाली माणसं पाच. तसंच इथे पुस्तकाची माहिती एकदा, आणि तिच्या खाली पाच प्रती, प्रत्येकीचा दाखल क्रमांक वेगळा. तुम्ही शोधलंत की एकच नाव येतं आणि शेजारी लिहिलेलं असतं की पाचपैकी दोन बाहेर, दोन कपाटात, एक बाइंडिंगला.

त्या दाखल क्रमांकाचाच बारकोड छापून पुस्तकावर लावतात. बरेच लोक समजतात की त्या काळ्या रेघांमध्ये पुस्तकाची सगळी माहिती भरलेली असते. नाही हो. त्यात फक्त नंबर असतो. आणि स्कॅनर म्हणजे झटपट टाइप करणारा कीबोर्ड, तो नंबर टाइप करतो आणि एन्टर दाबतो, बाकी त्याला काही समजत नाही. विश्वास बसत नसेल तर साधं नोटपॅड उघडून त्यात स्कॅन करून बघा, नुसता नंबर उमटेल.

आरएफआयडी नावाची पुढची पायरी आहे, त्यात कागदाएवढ्या पातळ चकतीत चिप आणि अँटेना असते, पुस्तक न उघडता चार-पाच पुस्तकं एकदम वाचता येतात, दारातून न नोंदवलेलं पुस्तक गेलं तर गेट ओरडतं. मोठ्या विद्यापीठांना उपयोगी आहे. पण लोखंडी कपाटांच्या अगदी जवळ ती चिप नीट वाचली जात नाही आणि आपली बहुतेक वाचनालयं लोखंडी कपाटांचीच. छोट्या वाचनालयाने ते पैसे पुस्तकांवर घालावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

मग काकूंचं पुस्तक का सापडलं नाही?

ही गंमत आपल्यासारख्या लिपीत होते, म्हणून जरा सावकाश सांगते.

कॉम्प्युटरच्या आत अक्षरं नसतात, नंबर असतात. स्क्रीनवर दिसतो तो त्या नंबरावर चढवलेला मुखवटा, म्हणजे फॉन्ट. पूर्वी मराठी टाइप करायला कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी असले फॉन्ट असायचे. त्यात काय व्हायचं, कृतिदेवमध्ये तुम्ही 'काका' टाइप केलं की आत इंग्रजी डी-के-डी-के साठायचं आणि वर मराठीचा मुखवटा. तो फॉन्ट ज्या कॉम्प्युटरवर नाही तिथे उघडलं की मुखवटा गळून पडायचा आणि उरायचं डीकेडीके. कितीतरी वाचनालयांनी नव्वदीत आणि दोन हजारच्या दशकात मेहनतीने केलेल्या याद्या आज अशा पडून आहेत, उघडतात पण वाचता येत नाहीत.

यावर उपाय म्हणजे युनिकोड. जगातल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा नंबर. 'क' चा नंबर हा फक्त 'क' चाच, फॉन्ट कुठलाही असो. आज मोबाइलवर तुम्ही मराठी मेसेज पाठवता ते युनिकोडच. त्यामुळे नवीन काम युनिकोडमध्येच करायचं, यात दुसरं मत असूच नये.

पण युनिकोडमध्येही एक खाच आहे. 'दऱ्या' मधला तो अर्धा र, पापणीसारखा दिसणारा. तो दोन पद्धतींनी टाइप होतो. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग 'या'. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह आणि मग 'या'. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे. आतमध्ये नंबर वेगळे. आमच्याकडे नोंदी करायला दोन मुली होत्या, एकीचा कीबोर्ड एका पद्धतीचा, दुसरीचा दुसऱ्या. काकूंचं पुस्तक एकीने चढवलं होतं आणि मी शोधत होते दुसरीच्या पद्धतीने. कॉम्प्युटर म्हणाला नाही, आणि त्याच्या दृष्टीने ते खरं होतं, ते दोन वेगळे शब्दच होते.

कळल्यावर दुरुस्ती अर्ध्या दिवसात झाली, सगळ्या नोंदींमध्ये एक रूप काढून दुसरं घातलं, आणि दोघींना एकच कीबोर्ड दिला. पण कळायलाच आठ महिने गेले होते. त्या आठ महिन्यांत 'वारा' सापडत होता आणि 'वाऱ्यावर' सापडत नव्हता, आणि किती वाचक नाही ऐकून परत गेले असतील ते मोजता येणार नाही.

असंच अनुस्वाराचं. १९६२ च्या नियमांच्या आधीची पुस्तकं काढा, मुखपृष्ठावरच 'कांहीं', 'नाहीं' असतं. नोंद पुस्तकावर आहे तशीच करायची, तो नियमच आहे, पण वाचक आजच्या पद्धतीने शोधणार. म्हणून मार्कमध्ये नावाचं दुसरं रूप लिहायला वेगळा रकाना असतो, २४६. तो भरला नाही की जुनी पुस्तकं कपाटात असून नसल्यासारखी होतात.

लेखक एक, नावं चार

कुसुमाग्रज म्हणजे विष्णु वामन शिरवाडकर हे मराठी वाचकाला सांगावं लागत नाही. कॉम्प्युटरला लागतं. कविता कुसुमाग्रज नावाने, नाटकं वि. वा. शिरवाडकर नावाने, त्यात कोणी 'वि.वा.' मध्ये जागा सोडलेली, कोणी नाही, कोणी आडनाव आधी लिहिलेलं. मशीनच्या हिशोबाने हे चार-पाच वेगळे लेखक.

त्यासाठी प्रत्येक लेखकाची एक मूळ नोंद करून ठेवतात आणि तिला बाकीची सगळी नावं जोडतात, जसं गावात एकाच माणसाला कागदोपत्री एक नाव, घरी दुसरं, मित्रांत तिसरं, पण सगळ्यांना माहीत असतं की माणूस एकच. हे काम कंटाळवाणं आहे, नोंदी टाइप करून देणारा ठेकेदार ते करत नाही कारण त्याला दर नोंदीमागे पैसे मिळतात. पण वाचकाला सगळ्यात जास्त फरक याच कामाने पडतो.

सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं?

मला सगळ्यात जास्त फोन याच प्रश्नासाठी येतात, आणि माझ्या मते हा पहिला प्रश्न नाही, पण उत्तर देते.

कोहा नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, फुकट आणि मुक्त, म्हणजे त्याचा आतला कोड कोणीही बघू शकतो, बदलू शकतो. त्याचा जन्म न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ नावाच्या एका छोट्या भागातल्या लायब्ररीत झाला. १९९९ मध्ये त्यांचं जुनं सॉफ्टवेअर २००० साल लागताना बंद पडेल अशी भीती होती, नवीन घ्यायला परवडत नव्हतं, मग त्यांनी एका छोट्या कंपनीकडून स्वतःसाठी बनवून घेतलं, जानेवारी २००० मध्ये चालू केलं आणि जगाला देऊन टाकलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. आपल्या देशात अनेक विद्यापीठं, कॉलेजं ते वापरतात. मार्क आहे, युनिकोड मराठी चालतं, वाचक घरून मोबाइलवर शोधू शकतो, त्या शोधायच्या पानाला ओपॅक म्हणतात.

ई-ग्रंथालय हे केंद्र सरकारच्या एनआयसीने, म्हणजे सरकारचं कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या संस्थेने बनवलेलं, ते मुख्यतः सरकारी ग्रंथालयांसाठी. कॉलेजांमध्ये सोल दिसतं, ते गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठांच्या ग्रंथालयांसाठी काम करणाऱ्या केंद्राचं. शिवाय खासगी कंपन्यांची बरीच आहेत.

फुकट याचा अर्थ बिनखर्चाचं असा मात्र घेऊ नका. कोहा लिनक्सवर चालतं, म्हणजे विंडोजऐवजी वापरायच्या दुसऱ्या प्रणालीवर, बसवायला जाणकार लागतो, वर्षातून अपडेट करावं लागतं, कॉम्प्युटर चांगला लागतो. विहीर फुकट मिळाली तरी मोटर, पाइप आणि लाइट बिल आपलंच.

आता पहिला प्रश्न कोणता ते सांगते. "उद्या आम्ही तुम्हाला सोडलं तर आमच्या सगळ्या नोंदी मार्कमध्ये काढून द्याल का?" हे लेखी घ्या. आमच्याकडे आधी एक सॉफ्टवेअर होतं, एका ओळखीच्या माणसाने बनवून दिलेलं, स्वस्तात. चार वर्षं चाललं. मग तो दुसऱ्या शहरात गेला, फोन उचलेना, आणि एके दिवशी विंडोज बदललं तर ते उघडेनाच. ९ हजार नोंदी त्या एका फाइलमध्ये आणि फाइलला पासवर्ड त्याचा. त्या नोंदी आम्हाला कधीच मिळाल्या नाहीत. सॉफ्टवेअर भाडेकरू आहे, ते येईल आणि जाईल, घर तुमच्या नोंदींचं आहे आणि चावी तुमच्याच खिशात पाहिजे.

"पण हे सगळं टाइप कोण करणार?"

खरा खर्च इथे आहे. आमचा हिशोब सांगते. ११,३०० पुस्तकं, एका नोंदीला तपासण्यासकट सरासरी चार मिनिटं, म्हणजे साडेसातशे तासांच्या वर. रोजची देवघेव सांभाळून एका माणसाला चार तास मिळतात असं धरा, तर १८८ दिवस. सुट्ट्या धरून आठ-नऊ महिने. कोणी म्हणालं की महिनाभरात सगळं करून देतो, तर समजा की तो वहीवरून टाइप करणार आहे.

आणि वहीवरून टाइप करणं ही सगळ्यात मोठी चूक. आमच्या वहीत १४,२०० नंबर होते. पुस्तकं हातात घेऊन मोजली तेव्हा ११,३०० भरली. बाकीची काही बाद, काही गहाळ, काही कोणी नेली आणि परत आणलीच नाहीत. वहीवरून केलं असतं तर २,९०० भुतं कॉम्प्युटरमध्ये गेली असती, वाचक शोधणार, 'आहे' असं दिसणार आणि कपाटात काही नाही. म्हणून क्रम असा ठेवा, आधी साठा तपासणी, मग बाद करायची ती रीतसर ठराव करून बाद, मग पुस्तक हातात धरून नोंद, आणि नोंद झाली की त्याच क्षणी बारकोड. पुस्तक टेबलावरून उचललं की काम संपलेलं पाहिजे.

यात थोडी मदत मिळते. नव्या पुस्तकाच्या मागे आयएसबीएन असतो, १३ आकडी, भारतातला बहुधा ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होणारा. तो टाकून दुसऱ्या लायब्ररीने केलेली नोंद ओढून घेता येते, त्यासाठी झेड३९.५० नावाची सोय कोहामध्ये आहे. इंग्रजी पुस्तकांना हे मस्त चालतं. मराठीला अर्धवट. लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्लीत १९६२ पासून ऑफिस आहे, ते मराठी पुस्तकंही घेतात, त्यामुळे वॉशिंग्टनच्या कॅटलॉगमध्ये भरपूर मराठी पुस्तकं सापडतात, पण नावं रोमन लिपीत, डोक्यावर रेघा आणि खाली टिंबं देऊन लिहिलेली. ती देवनागरीत परत आपल्यालाच करावी लागतात. आणि १९७० च्या आधीच्या पुस्तकांना तर आयएसबीएनच नाही.

एक खरी सोय मात्र आपण करू शकतो आणि करत नाही. महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी अकरा-बारा हजार वाचनालयं आहेत. त्यांच्या कपाटात बरीच पुस्तकं तीच आहेत. तीच कादंबरी, तेच चरित्र, गावोगावी वेगवेगळी माणसं टाइप करत बसलीत. एका जिल्ह्याने जरी चांगल्या तपासलेल्या नोंदी सगळ्यांना दिल्या तर बाकीच्यांना फक्त आपला दाखल क्रमांक चढवायचा राहील. तंत्रज्ञान आजही तयार आहे, ठरवायचं तेवढं बाकी आहे.

"आमची पुस्तकं आता ऑनलाइन वाचता येतील ना?"

नाही, आणि इथे फार गोंधळ होतो. संगणकीकरण म्हणजे पुस्तकाच्या नोंदी आणि देवघेव कॉम्प्युटरवर. पुस्तकाची पानं स्कॅन करून ठेवणं हे डिजिटायझेशन, ते वेगळं काम, वेगळा खर्च. आणि कोणतंही पुस्तक स्कॅन करून लोकांना वाटता येत नाही, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो. जुनी, दुर्मिळ, हक्कमुक्त पुस्तकं जरूर स्कॅन करावीत. पण कुठलं पुस्तक दुर्मिळ आहे हे कळायलाही आधी नोंदी लागतातच.

"लाइट गेली तर? हॅक झालं तर?"

लाइट जाते. आमच्याकडे मंगळवारी तर ठरलेली. काउंटरवर एक साधी वही ठेवायची, सभासद नंबर आणि दाखल क्रमांक लिहायचा, लाइट आली की चढवायचं. कोहामध्ये इंटरनेट नसताना देवघेव करून नंतर चढवायची सोयही आहे.

हॅकिंगचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला. जगातल्या सगळ्यात मोठ्या ग्रंथालयांपैकी एक. हल्लेखोरांनी २० बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे जवळपास ६ लाख पाउंड मागितले, लायब्ररीने दिले नाहीत, तर त्यांनी कर्मचारी आणि वाचकांची माहिती इंटरनेटवर टाकून दिली. मुख्य कॅटलॉग परत शोधता यायला जानेवारी २०२४ उजाडला. पुस्तकं सगळी जागेवर होती, कोटींनी, पण नोंदी गेल्यावर पुस्तक मागवायचं कसं?

म्हणून बॅकअप. साधा नियम आहे, तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. आमची एक कॉम्प्युटरवर, एक क्लाउडवर, आणि एक हार्ड डिस्क दर शनिवारी खजिनदारांच्या घरी जाते. आणि दर तीन महिन्यांनी ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघतो. हे उघडून बघणं कोणी करत नाही. न उघडलेला बॅकअप म्हणजे आत काय आहे हे माहीत नसलेला डबा.

मी काय वाचते ते कोणी बघतं का?

हा प्रश्न एका मुलीने विचारला, कॉलेजात जाणारी, हळू आवाजात. वहीवर असताना कोणी कोणाचं पान उलटून बघायला जात नव्हतं. आता एका क्लिकवर दहा वर्षांची यादी निघते, कोणी आजारावरचं पुस्तक नेलं, कोणी घटस्फोटाच्या कायद्याचं. ही यादी वाचनालयाची मालमत्ता नाही, वाचकाची खासगी गोष्ट आहे. पुस्तक परत आलं, दंड नाही, मग नाव आणि पुस्तक यांचा संबंध पुसून टाकता येतो, कोहामध्ये ते सेटिंग आहे, किती वेळा पुस्तक गेलं हा आकडा तेवढा राहतो. आम्ही ते चालू केलंय. आता वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदाही आहे, पण कायदा नसता तरी हे करायला हवं होतं. तुमच्या वाचनालयात विचारा, आणि सभासद फॉर्मसोबत आधारची झेरॉक्स मागत असतील तर ती कशाला लागते तेही विचारा.

ग्रंथपालाची गरज संपली का?

कमिटीच्या मीटिंगमध्ये एकदा हा विषय निघालाच होता, की आता मशीन आलं तर माणूस अर्धवेळ ठेवू. तुटपुंज्या पगारावर काम करणाऱ्या माणसाला हे ऐकून काय वाटत असेल ते बाजूला ठेवा, पण हिशोब म्हणूनही ते चुकीचं आहे. बारकोडने वाचला तो काउंटरवरचा वेळ, दर पुस्तकामागे मिनिटभर. तो वेळ नोंदी सुधारण्यात, वाचकाशी बोलण्यात गेला तरच उपयोग.

आणि एआय? मदत होते, नाही म्हणत नाही. मुखपृष्ठाचा फोटो दिला की नाव, लेखक, प्रकाशक बऱ्यापैकी वाचून देतं, टायपिंगचा वेळ वाचतो. पण 'संपादक' लिहिलेल्या माणसाला लेखक करून टाकतं, आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यातला फरक चुकवतं, आणि माहीत नसेल तिथे रिकामं न सोडता काहीतरी भरून देतं. नोंद चुकली की पुस्तक हरवलं, म्हणून शेवटी पुस्तक हातात धरून तपासणारा माणूस लागतोच.

आमचं कुठवर आलंय

पुस्तकं झाली. काकूंचं हिरवं पुस्तक आता 'दऱ्या' टाकलं, 'दऱ्याखोऱ्या' टाकलं, तरी मिळतं, मी त्यांना बोलावून दाखवलं.

राहिलेत दिवाळी अंक. १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने पहिला काढला तेव्हापासून ही परंपरा चालू आहे आणि आमच्याकडे १९६१ पासूनचे गठ्ठे आहेत, सुतळीने बांधलेले, काही वाळवीने खाल्लेले. एका अंकात तीस-चाळीस लेख, कथा, कविता. कित्येक कथा पुढे कुठल्याच पुस्तकात आल्या नाहीत, त्या फक्त त्या अंकातच आहेत. अंकाच्या नावाची नोंद केली तर पाच मिनिटांत होते, पण मग आत काय आहे ते कोणालाच कळणार नाही. म्हणून आम्ही अनुक्रमणिका पूर्ण चढवतोय, प्रत्येक लेखकाचं नाव त्याच्या मूळ नोंदीला जोडून. एका अंकाला चाळीस मिनिटं लागतात. ही माहिती वॉशिंग्टनहून ओढून मिळत नाही, आयएसबीएन टाकून येत नाही, ती त्या गठ्ठ्यातच आहे.

गेल्या आठवड्यात १९७४ चे अंक सुटले. त्यात आमच्याच तालुक्यातल्या एका शाळामास्तरांची कथा निघाली, त्यांच्या नातवाला माहीतही नव्हतं की आजोबा लिहायचे. तो येऊन मोबाइलवर पानांचे फोटो काढून घेऊन गेला. आता १९७५ चा गठ्ठा टेबलावर आहे.